शकूची पाठ

शकूच्या पाठीवर एकही जखम नव्हती.

काल सकाळी ती गेली. पण ते सांगायच्या आधी मला हे सांगायचंय. नर्सिंगमधल्यांना का ते कळेल, बाकीच्यांना सांगते.

माणूस महिनोन्महिने अंथरुणात पडून राहिलं की पाठीला जखमा होतात. बेडसोअर. आमच्या सिस्टर ट्यूटर म्हणायच्या, बेडसोअर पेशंटला होतो, पण लाज नर्सची जाते.

सत्तरच्या दशकात आम्ही नागपुरात नर्सिंगला होतो. मी तिथल्याच महाल भागातली, कारकुनाची मुलगी. शकू नरखेडकडची, घरी संत्र्याची बाग. इंजेक्शनची प्रॅक्टिस संत्र्यावर करायची असायची, त्यामुळे पहिल्याच महिन्यात ती अख्ख्या बॅचची लाडकी झाली. तिचे बाबा एसटीनं पोतंभर संत्री पाठवायचे. टोचून झालं की तीच आम्ही सोलून खायचो. आत पाणीच तर टोचलेलं असायचं.

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी. मी, शकू आणि मालती.

दुसऱ्या वर्षी शकूला टायफॉइड झाला. उठून बसायचीही ताकद नव्हती. ड्यूटी संपली की मी आणि मालती आळीपाळीनं तिची कूस बदलायचो, पाठ स्पिरिटनं पुसून पावडर लावायचो. तापातही बाईचं लक्ष आमच्या कामावर. चादरीला सुरकुती पडली की कण्हत कण्हत बोलून दाखवायची.

एक दिवस रडवेली होऊन म्हणाली, "मले मरायचं भेव नाही. पण माही पाठ पाहजो वं."

मरायच्या गोष्टी काढते म्हणून मालतीनं तिला चांगलं झापलं.

शकू बरी झाली, पण ते वाक्य आमच्यात राहिलं ते राहिलंच. लग्नं झाली, बदल्या झाल्या, पोरं मोठी झाली. फोन ठेवताना बाकीचे लोक 'काळजी घे' म्हणतात. आम्ही म्हणायचो, पाठ पाहजो वं.

गेल्या वर्षी शकूला पॅरालिसिसचा अटॅक आला.

इथे नागपुरातच, हुडकेश्वरच्या घरी पलंगावर पडून. बोलणं जवळजवळ गेलेलं. मी भेटायला गेले तेव्हा माझा हात धरला आणि कसाबसा एकच शब्द बोलली.

"पाठ."

मग मी आणि मालतीनं ड्यूटीच लावून घेतली. शकूची सून वैशाली बँकेत नोकरीला. तिला वाटायचं, या दोन म्हाताऱ्या इन्स्पेक्शनला येतात. इन्स्पेक्शनच होतं ते. चादर ओढून बघायचो, नको तिथे नाक खुपसायचो. एकदा तिनं चहाचा कप जरा आपटलाच. मी असते तर किटलीच आपटली असती.

पुढे मालती पडली, पाय प्लास्टरमध्ये. तेवढ्यात मुलाचं ऑपरेशन निघालं म्हणून मला पुण्याला जावं लागलं. दोन महिने तिकडेच अडकले. फोन केला की वैशाली सांगायची, आई ठीक आहेत. आता 'ठीक आहे' या शब्दावर कोणती नर्स विश्वास ठेवते? पोळ्या लाटताना माझ्या डोक्यात शकूची पाठ.

परवा परत आले. काल तिच्याकडे निघणारच होते, तेवढ्यात वैशालीचा फोन. झोपेतच गेली.

शेवटची आंघोळ घालायला नात्यातल्या बायका कचरत होत्या. मी पुढे झाले, काठी टेकत मालतीही आली. पेशंट गेला तरी त्याला सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, असं आम्हाला शिकवलेलं.

म्हटलं, "शकू, कूस बदलतो वं."

खरं सांगते, मला ती पाठ पाहायचीच नव्हती.

साफ होती.

खांदे, कंबर, टाचा, सगळं साफ. लाल डागसुद्धा नाही. पावडरचा वास येत होता.

मी वैशालीकडे पाहिलं. ती ओढणी तोंडाशी धरून दाराशी उभी होती.

म्हणाली, "मावशी, तुम्ही नव्हत्या ना, मग मीच पाहून राहिली होती. बँकेतून लंचमध्ये येऊन जायची. चुकलं की आई डोळे मोठे करायच्या, त्यावरून समजायचं."

आम्ही दोघी म्हाताऱ्या तिच्या गळ्यात पडून रडलो. दुःखानं थोडं, जीव भांड्यात पडला म्हणून जास्त.

शकू, पाठ पाहिली वं. साफ आहे.

आता जाय, निवांत.