स्लॅबखाली शिकलेली प्रार्थना

दिल्ली कॅन्टला पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदार होतो, इंजिनिअर रेजिमेंटमध्ये. आमचं घर नगरचं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती. युनिटमध्ये रविवारी साडेआठला चर्च परेड असे. मी ती एकदाही चुकवली नाही, कारण चर्चला जाणाऱ्यांना त्या सकाळची साफसफाई माफ होती. शेवटच्या बाकावर बसून मी लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या भटारखान्यात, पुरी असेल की पराठा, याचा अंदाज बांधत असे. फॉर्मवर धर्माच्या रकान्यात 'ख्रिश्चन' लिहायचो, रक्तगटाच्या रकान्यात 'बी पॉझिटिव्ह' लिहावं तसं.

माझ्या सेक्शनमध्ये नाईक डेव्हिड तिर्की होता, झारखंडचा. कुठल्याही कामाआधी तो मोठ्याने प्रार्थना करी आणि काम करताना भजनं गाई. सूर त्याच्या जवळपासही फिरकत नसे.

"डेव्हिड, ऊपरवाला बहरा नहीं है," मी म्हणायचो.

"पता है, उस्ताद. आप भी तो सुन रहे हो ना."

एका मंगळवारी सकाळी सहा चाळीसला कॉल आला. फरीदाबादला एका कारखान्याची तीन मजली इमारत कोसळली होती. सव्वासातला आम्ही निघालो. अकरापर्यंत पाच माणसं जिवंत बाहेर काढली. तेवढ्यात तळघरातून बाईचा आवाज आला. स्लॅबला भोक पाडून, दोर आणि वायरलेस सेट घेऊन मी आत उतरलो. पॅकिंगला काम करणारी फुलवती होती ती. लोखंडी रॅकखाली तिचा पाय अडकला होता. तो सोडवत असतानाच वरचा स्लॅब खचला आणि मी आलो ती वाट बंद झाली.

"टायगर, यहाँ टायगर वन. रास्ता बंद. दोनों ठीक. ओव्हर."

"टायगर वन, हिलना मत." आवाज आमच्या मेजरसाहेबांचा होता. "दूसरी तरफ़ से काटेंगे. तीन घंटे. ओव्हर."

फुलवती म्हणाली, "भैया, मैं तो डर के मारे सब भूल गई. आप ही भगवान से कुछ बोलो ना."

लहानपणी पाठ केलेली प्रार्थना मी एका दमात म्हणून टाकली, हजेरी द्यावी तशी. संपल्यावर लक्षात आलं, मी कोणाशीच बोललो नव्हतो. मग मराठीत म्हणालो, "देवा, मी तुझ्याशी कधी बोललोच नाही. आज बोलतोय. हिला बाहेर काढ. मला काढलंस तर…" इथे थांबलो. अट घालायची लाज वाटली. म्हणालो, "एवढंच."

भीती गेली नाही. पण तिथे आम्ही दोघंच नव्हतो, हे मला हाताला दगड लागावा तसं कळलं. यापेक्षा नीट मला आजही सांगता येत नाही.

थोड्या वेळाने सेटवर कोणीतरी गायला लागलं.

"नेट पर कौन गा रहा है?" मेजरसाहेब कडाडले.

"नाईक तिर्की, साहब. उस्ताद के लिए."

मेजरसाहेबांचा सेट खरखरला. मग, "गाओ. मगर सुर में. ओव्हर."

पायाला एवढं लागलेलं असूनही फुलवती खुदकन हसली. दोन चाळीसला पलीकडची भिंत फुटली आणि भोकातून आधी डेव्हिडचा हात आत आला. फुलवतीचा पाय वाचला.

संध्याकाळी चहा पिताना मी डेव्हिडला विचारलं, "अब क्या करूँ?" उपास वगैरे काहीतरी सांगेल असं वाटलं होतं.

"घर में किससे बात बंद है, उस्ताद?"

माझ्या धाकट्या भावाशी, प्रकाशशी. सहा वर्षं. त्याने हिंदू घरातली मुलगी केली, म्हणून मी लग्नालाच गेलो नव्हतो. परेडपुरता ख्रिस्ती मी, आणि धर्म आठवला तो तेवढ्यापुरता! तिथूनच फोन लावला.

"प्रकाश, मी बोलतोय."

"दादा? कोण गेलं?"

"कोणी नाही रे. माझं चुकलं. तुझ्या बायकोला फोन दे, तिचीही माफी मागायचीय."

प्रकाशने फोन दिला. मग त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, आधी जेवायला या. माफीचं नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी मी बायबल उघडून बसलो. माझी बायको सुशीला आत आली. "अहो, आज बुधवार आहे."

"माहीत आहे."

तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. त्यानंतर मी चर्चमध्ये पुढे बसायला लागलो. आधी ऐकायला, मग ऐकलेलं करायला. रविवारची साफसफाई चर्चहून आल्यावर करत असे.

दोन वर्षांनी आमची कंपनी डोंगरातल्या रस्त्यावर होती. दरड हटवताना सकाळी दहा दहाला दुसरी दरड आली. डेव्हिडने दोन जवानांना ढकलून बाजूला केलं. त्याला स्वतःला हटायला वेळ मिळाला नाही. त्या दिवशी मी प्रार्थना केली ती रागाने केली. तीही ऐकली गेली असं मी मानतो.

आता मी रिटायर्ड सुभेदार, फरीदाबादला राहतो. डेव्हिडची मुलगी रोशनी दिल्लीत नर्सिंग शिकते. महिन्यातून एका रविवारी ती चर्चनंतर आमच्याकडे जेवायला येते. ताट वाढलं की विचारते, "अंकल, पापा ड्यूटी पर कैसे थे?"

मी सांगायला लागतो. सुशीला दोनदा आमटी गरम करून आणते.