हुंकाराची नोकरी

जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ माणसाच्या मांड्यांत असतं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहायला होता. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि तो बरोबर वर, तिसऱ्यावर. मूळचा तैवानचा. आमच्या घरात त्याचं नाव 'वरचा' असंच पडलं होतं, कारण त्याचं खरं नाव मी दर वेळी वेगळंच उच्चारत असे आणि तो दर वेळी "करेक्ट, करेक्ट" म्हणून माझी समजूत घालत असे. माझं डोकं दुखलं तर कारण मांड्या. मुलीला गणितात मार्क कमी पडले, मांड्या. दोन हजार आठ साली मंदी आली, आमच्या कंपनीचा टॉवर बाराव्या मजल्यावर येऊन थांबला आणि सगळं जग बँकांच्या हिशेबांत चूक शोधत बसलं, तेव्हा यानं पार्किंगमध्ये मला गाठून निकाल दिला. "भाई, बँक का आदमी देखा? पूरा दिन कुर्सी. पैर खलास. पैर खलास तो बँक खलास."

ही हिंदी तो टॅक्सीवाल्यांकडून आणि त्याच्या जिममधल्या पोरांकडून शिकला होता. तिच्यात व्याकरण नव्हतं, पण आवाज भरपूर होता. अंगात बाराही महिने बनियन. दंडांवर निळ्या माशांचं गोंदण, आणि दंड फुगले की मासे पोहायला लागत. हा देखावा पाहायला आमच्या मजल्यावरची सगळी मुलं त्याला जिन्यात अडवत. जिन्यात म्हणायचं कारण, लिफ्टमध्ये त्यानं कधी पाय ठेवला नाही. उलट पिण्याच्या पाण्याचे मोठे कॅन घेऊन गाडी आली, की दोन खांद्यांवर दोन कॅन टाकून तो जिन्यानं निघे आणि न मागता दारोदार पोचवत सुटे. कॅन ठेवला, की त्या घरातल्या कर्त्या पुरुषाच्या पोटऱ्यांकडे एक नजर टाकून "हराम, हराम" असं, म्हणजे इथल्या अरबीत 'बिचारा, बिचारा' असं, हळहळून पुढे जाई. आमच्याकडे गणपतीला आला तोही बनियनवरच. आरतीला सगळ्यांत मोठ्यांदा टाळ्या त्याच्या, फक्त ताल त्याचा स्वतःचा. मग पानात उकडीचे मोदक पाहून त्याचे डोळेच भरून आले. "भाभी, यह तो हमारा है! मेरा मम्मी बनाता था!" म्हणाला. बायकोनं आधी कौतुकानं आणि नंतर काळजीनं मोजले, तर चौदा झाले होते. पंधरावा उचलताना त्यानं तिला विचारलं, "इसमें प्रोटीन कितना?"

मंदीच्या आधी दोन वर्षं त्याची स्वतःची जिम होती, दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये, ऑफिसांच्या एका इमारतीत तळमजल्यावर. वरच्या मजल्यांवरची कॉम्प्युटरवाली मंडळी संध्याकाळी खाली येत आणि हा एकाच वेळी चाळीस जणांवर ओरडत असे. ओरडणं हा त्याचा खरा धंदा, लोखंड नुसतं निमित्त. मग वरची ऑफिसं एकेक करून रिकामी झाली. सकाळी वजन उचलून गेलेला मेंबर संध्याकाळी विमानतळावर बॅगेचं वजन करताना दिसायचा. तीन महिन्यांत जिम बंद झाली. पोटापाण्यासाठी त्यानं एका क्लबात दुसऱ्याच्या हाताखाली ट्रेनर म्हणून नोकरी धरली आणि स्वतःच्या जिममधलं सगळं सामान एका बेडरूमच्या घरात आणून कोंबलं. धावायचं यंत्र स्वयंपाकघरात आणि फ्रीज पलंगाशेजारी. त्या दिवसापासून आमच्या छतावर लोखंड आदळायला लागलं. भांडी वाजत, पंखा हले, आणि आमची मुलगी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणे, "रिलॅक्स बाबा, ही इज ओन्ली जंपिंग."

शेवटी एका शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी तक्रार करायला वर गेलो. दार उघडंच होतं. लॅपटॉप उघडून, केस विंचरून हा त्याच्यासमोर मख्ख उभा. व्यायामाचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकायचे असं त्यानं ठरवलं होतं, आणि तासभर झाला तरी तोंडातून शब्द फुटत नव्हता. चाळीस जणांवर ओरडणारा माणूस त्या काळ्या टिकलीएवढ्या कॅमेऱ्यापुढे गप्प. "मशीन सुनता नहीं, भाई," तो रडवेला होऊन म्हणाला. मग मला लॅपटॉपच्या मागे एका बाकावर बसवून म्हणाला, "तुम बैठो. तुम सुनो. मैं बोलेगा." आता इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या आत्याला गोष्टी सांगायची फार हौस, पण तिची एक अट असे. ऐकणाऱ्यानं दर वाक्याला हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली, मग राजपुत्र राक्षसाच्या जबड्यात अर्धा का अडकलेला असेना. सगळ्या भावंडांत ते काम माझ्याकडे होतं, आणि त्याच सवयीच्या जोरावर पुढे मी तीन साहेबांच्या हाताखाली सुखानं नोकरी केली. तेव्हा वरचा चिनी भाषेत चार शब्द बोलून अडखळला आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हं." त्याचे डोळे चमकले. पुढचं वाक्य आलं. मी म्हणालो, "बरं." त्यापुढचं आलं. "मग?" त्या दिवशी तो चाळीस मिनिटं बोलला. मला एक अक्षर कळलं नाही, आणि तक्रार करायची तर साफ राहूनच गेली.

अशी मला ती नोकरी लागली. ऑफिसात पगार कापलेला आणि काम नावालाही नाही, पण दर शुक्रवारी सकाळी वर माझी हजेरी पक्की. सुरुवातीला विषय व्यायामाचा होता, ते हातातल्या डंबेल्सवरून कळे. पुढे डंबेल्स खाली राहिले आणि नुसतं बोट हलायला लागलं. चेहरा लाल होई, टेबलावर मुठी आपटत, मासे सैरावैरा पोहत. विचारलं तर म्हणाला, "पॉलिटिक्स! मेरा देश का पॉलिटिक्स." इथल्या विषयावर चकार शब्द काढायचा नाही एवढं शहाणपण त्याला होतं. तिकडचे पुढारी मात्र त्यानं सोलून काढले. निम्मं तैवान त्याला डोक्यावर घेई आणि निम्मं शिव्या घाली, आणि दोन्ही निम्मे झाडून त्याचे व्हिडिओ पाहत. मी कशाकशाला मान डोलावत होतो देव जाणे. कदाचित दोन-तीन सरकारंही माझ्या संमतीनं पडली असतील. मुलीनं एकदा कॉम्प्युटरवर भाषांतर करून खालच्या प्रतिक्रिया वाचल्या आणि जाहीर केलं, "बाबा, दे थिंक यू आर हिज बॉस!" बायको म्हणाली, घरी तर कधी कुणाचं एवढं ऐकून घेत नाहीत.

त्याची कीर्ती मला खरी कळली ती जवळच्या मॉलमध्ये. दोघं जण बनियन विकत घ्यायला गेलो होतो. तैवानहून आलेल्या प्रवाशांचा एक घोळका त्याला पाहून किंचाळतच धावत आला. फोटो झाले, मिठ्या झाल्या, एका आजींनी त्याचा दंड दाबून पाहिला. बराच वेळ झाला म्हणून मी मागून म्हणालो, "बरं, निघू या?" आणि सगळा घोळका गर्रकन माझ्याकडे वळला. "बरं! बरं!" म्हणून त्यांनी जो गलका केला! कॅमेऱ्यामागचा तो आवाज म्हणजे मीच, हे त्यांना एका शब्दात पटलं होतं. मग त्यांनी मला मधोमध उभं केलं, माझ्याकडून तीन-चारदा "बरं" म्हणवून घेतलं आणि फोटो काढायला कॅमेरा दिला वरच्याच्या हातात.

सहा वर्षं हे असं चाललं. मग एका शुक्रवारी मी वर जायच्या आधी तोच खाली आला, आणि दार उघडून बायको दचकलीच. त्याच्या अंगात शर्ट होता. पूर्ण बाह्यांचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. खुर्चीत अगदी कडेला बसला आणि म्हणाला, "भाई, पापा का फोन आया."

"अरे, अच्छा है ना?"

"आठ साल में पहला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वडील शाळेचे हेडमास्तर. पोरानं शिक्षक व्हावं ही त्यांची इच्छा, आणि पोरगा लोखंड उचलायला दुबईला निघाला. त्यावरून भांडण झालं, त्यात भर म्हणजे राजकारणात वडिलांचा पक्ष एक आणि याचा दुसरा. "मुझसे बात मत करना" असं वडील म्हणाले, आणि यानं खरंच केली नाही. तो कॅमेऱ्याशी बोलला. "सब लोग बोलता पॉलिटिक्स, पॉलिटिक्स," तो मान खाली घालून म्हणाला. "भाई, मैं पूरा टाइम पापा को बोला."

"और पापा ने देखा?" मी विचारलं.

"एक-एक देखा. फोन पे पहला बात क्या बोला, मालूम? कॅमेरा के पीछे वो इंडियन कौन है? सब बात पे हां बोलता. एक बार भी ना नहीं बोला. ऐसा आदमी बाजू में रखेगा तो अकल कहां से आएगा?"

बायको ओढणी तोंडाला लावून हसत होती. वरचा मात्र हसेना. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि तेव्हापासून त्यांनी खुर्ची सोडली नव्हती. "पैर खलास," तो म्हणाला, आणि या वेळी ते दोन शब्द त्याच्या तोंडून जेमतेम बाहेर पडले. जायला तर हवं होतं. पण तो घाबरला होता. शंभर किलो उचलणारा माणूस आमच्या खुर्चीत बसून घाबरला होता. "उधर कॅमेरा नहीं, तुम नहीं. सामने पापा. मैं क्या बोलेगा?"

आणि तेव्हा त्या नोकरीत मी पहिल्यांदा नाही म्हणालो. "ना. तुम कुछ नहीं बोलेगा. छह साल तुम बोला. अब वो बोलेगा, तुम सुनो."

"खाली सुनेगा?"

"खाली नहीं. हुंकार देगा."

मग आमच्या हॉलमध्ये हुंकाराचा क्लास भरला. बायको आमच्या घरमालकाची कर्मकहाणी सांगायला बसली आणि त्यानं दर वाक्याला हुंकार द्यायचा. पहिला "हं" त्यानं असा काही दिला, की मुलगी आतून धावत आली. "धीरे, धीरे!" मी ओरडायचो. मधेच त्याला आपलं मत सुचे, दंड फुगत, मासे हलत, आणि मी बोट उगारलं की तो ओठ घट्ट मिटून घेई. दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत त्याला तीन गोष्टी जमल्या. हं, बरं, आणि मग. "इतना बस?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, माझी अख्खी नोकरी एवढ्यावर निभावली आहे. आठवड्याभरात तो गेला. माझा हुंकाराचा बाक जाताना आम्हाला देऊन गेला. आता वर एक शांत कुटुंब राहतं. त्यांच्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही, आणि पाण्याचे कॅन मीच दारातून ओढत आत आणतो.

चार-पाच महिन्यांनी मुलीनं हाक मारली, "बाबा, ही इज बॅक!" आम्ही तिघं त्याच बाकावर दाटीवाटीनं बसलो. पडद्यावर एक काटकुळे म्हातारेबुवा टेबलाची कड धरून खुर्चीतून उठले, परत बसले, पुन्हा उठले. वरचा त्यांच्या कोपरांखाली हात धरून उभा, न लावता. तीनदा झाल्यावर म्हातारेबुवांनी त्याला झिडकारलं आणि एकेक पाऊल टाकत कॅमेऱ्यामागे गेले. मग बनियन ठाकठीक करून यानं पॉलिटिक्स सुरू केलं. तेच बोट, तेच मासे. दोन वाक्यं बोलून तो सवयीनं थांबला, आणि इकडे दुबईत माझ्या तोंडात "बरं" तयार होतं. पण त्याआधीच कॅमेऱ्यामागून म्हाताऱ्याचा आवाज आला, तुटक, खणखणीत. चिनी मला आजही येत नाही, पण हेडमास्तरांनी 'साफ चूक' म्हटलेलं कुठल्याही भाषेत कळतं. ते बोलायला लागले. वरच्याचा चेहरा लाल झाला, दंड फुगले, तोंड उघडलं. मग ते त्यानं मिटलं. कॅमेऱ्याच्या जरा वर, पूर्वी मी बसायचो तिकडे, पाहत तो म्हणाला, "हं." म्हातारा बोलतच होता. "बरं," वरचा म्हणाला. आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "मग?"

मंदीत आमच्या आसपास कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. बायकोनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "गेली तुमची नोकरी." मला फार आनंद झाला होता. मी म्हणालो, "बरं."