दुप्पट घागर

सरांनी माझा कागद हातात घेतला नाही. पट्टीच्या टोकाने तो टेबलावरून पुढे ढकलला. कागद खाली पडला.

"हे काय काढलंस? एकसारख्या घागरी, ओळीने. ही तर तुमच्या हजिरा वस्तीतल्या नळावरची लाइन झाली."

वर्ग हसला. मीही थोडा हसलो. ते माझं हसणं मला अजून टोचतं.

कॉलेजच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरणार होतं. राजाची रियासत जाऊन मध्य भारत हे राज्य झालं होतं. आता मध्य भारतही एका मोठ्या राज्यात मिळून जाणार होतं. त्याआधी इतक्या वर्षांत काय काय झालं ते लोकांना दाखवायचं होतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळावं, म्हणून चित्रांतून. माझ्या वाट्याला पाणी आलं. शहरातले सार्वजनिक नळ दुप्पट झाले होते. आकडा खरा होता, मी दोनदा पडताळला होता. म्हणून मी वर चार घागरी काढल्या आणि खाली आठ. सगळ्या एका मापाच्या.

सर म्हणाले, "एक लहान घागर काढ. शेजारी तिच्या दुप्पट उंचीची काढ. बघणाऱ्याचा ऊर भरून आला पाहिजे."

"सर, उंची दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते. मग घागर चौपट दिसते."

"हे कोणी शिकवलं तुला?"

मी खरं ते सांगितलं. "बाबांनी."

माझे बाबा दरबारच्या रिसाल्यासाठी, म्हणजे घोडदळासाठी, पखाली शिवायचे. पाणी वाहायच्या चामड्याच्या मोठ्या पिशव्या. दक्षिणेतून फौजेबरोबर आमचे लोक आले, तेव्हापासून हेच काम. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, दुप्पट मोठी पखाल केली तर दोन कातडी लागतील ना? बाबा म्हणाले होते, "उंचीही दुप्पट, रुंदीही दुप्पट? मग चार लागतील. आणि भरली की बैल जागचा उठायचा नाही." भूमितीच्या पुस्तकात हे मला फार नंतर भेटलं.

सर वर्गाकडे वळले. "म्हणजे आता क्षेत्रफळ आम्ही चांभारवाड्यातून शिकायचं." मग माझ्याकडे न बघता, "ते चामड्याचं गणित घरी ठेवून येत जा."

सरांचं घराणं दाना ओली मोहल्ल्यातलं. आजोबा दरबारात मोठ्या हुद्द्यावर. दरबार गेला, पण सरांच्या आवाजातून गेला नव्हता. आणि माझा शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांच्या टेबलाच्या खणात होता. वर्तणुकीचा शेरा त्यांनी लिहायचा. शेरा नाही तर शिष्यवृत्ती नाही, शिष्यवृत्ती नाही तर पुढचं वर्ष नाही. रिसाला मोडल्यापासून बाबा किला गेटपाशी चपला दुरुस्त करत बसायचे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच.

मी वाकून कागद उचलला. आणि दुसऱ्या कागदावर मोठी घागर काढली.

मुद्दाम वाईट काढावी असं मनात आलं होतं. हात ऐकेना. गळा, पोट, काठावरची चमक, सगळं नीट उतरलं. शेजारची लहान घागर तिच्यापुढे लोटीएवढी वाटायला लागली. सर म्हणाले, "आता झालं चित्र." मला बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं. पण वाटलं होतं.

प्रदर्शनात मला त्या चित्राशेजारीच उभं केलं. लोक थांबायचे, म्हणायचे, "वाह, कितना पानी." मी मान हलवायचो. तोंडाने तर खोटं बोलत नाही ना, असं स्वतःला समजावायचो.

दुपारी आई आणि बाबा आले. मुलाचं चित्र बघायला आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. तिला वाचता येत नाही. ती बराच वेळ बघत राहिली.

"एवढं पाणी वाढलं गावात?"

"हो."

"मग आपल्याला का पुरत नाही रे?" मग स्वतःशीच म्हणाली, "माझंच चुकत असेल. उद्यापासून अजून लवकर जात जाईन नळावर."

नळावर आई सगळ्यांच्या आधी जायची. भरायची सगळ्यांच्या नंतर. आमच्या घागरीचा नंबर बाकीच्यांचं भरून झाल्यावरच लागायचा.

बाबांनी चित्राला वीत लावली. लहान घागर एक वीत उंच, एक वीत रुंद. मोठी दोन वीत उंच, दोन वीत रुंद.

"चार कातड्यांची आहे ही," ते हळू आवाजात म्हणाले. "तुला ठाऊक होतं ना?"

मी खाली बघितलं. चित्राखाली बारीक अक्षरांत 'दुगुने नल', दुप्पट नळ, असं लिहिलेलं होतं. ज्यांना वाचता येत होतं त्यांना खरं मिळालं होतं. खोटं फक्त माझ्या आईसाठी होतं. आणि ते मी काढलं होतं.

रंगाचे डबे टेबलाखालीच होते. मी पांढरा रंग घेतला आणि मोठी घागर बुजवायला लागलो. लोक मागे सरकले. कोणीतरी सरांना बोलावून आणलं.

"काय चाललंय हे? तुझा अर्ज माझ्याकडे आहे, विसरलास वाटतं."

"नाही विसरलो, सर."

मोठी घागर बुजली होती. तिच्या जागी मी लहान घागरीच्या मापाची एक काढली. मग तेवढीच दुसरी. घाईत दुसरीचा काठ वाकडा आला. माप चुकलं नाही.

आईने बघितलं. इकडे एक, तिकडे दोन.

"एवढंच होय," ती म्हणाली.

आठवड्याने अर्ज परत आला. शेऱ्याच्या जागी एकच शब्द: उद्धट. पुढचं वर्ष कसं होईल मला माहीत नाही. दुसरा कोणी तो शेरा लिहू शकत नाही, हे माहीत आहे.

पण यापुढे माझ्या हातून दुप्पट ते दुप्पटच निघेल. ज्याला चौपट दाखवायचं असेल त्याने स्वतः कुंचला धरावा. आणि मग चित्राशेजारी उभं राहून, माझ्या आईच्या डोळ्यांत बघून, पाणी वाढलं म्हणून सांगावं.