विहिरीतली हवा

मी बदनापूरला शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत केदारखेड्याजवळच्या आमच्या शेतावर गेलो होतो. तिथली जुनी विहीर बोअर घेतल्यापासून बंदच होती. वर पत्रे, तळाला गुडघाभर पाणी आणि सडलेला पाला. त्यात अडकलेला लोखंडी पाइप दादाला काढायचा होता. त्याची कंबर धरलेली, म्हणून कमरेला दोरी बांधून मी उतरलो.

कमरेची दोरी सोडून मी ती पाइपाला बांधली. एवढ्यात जांभया यायला लागल्या. दोरी सोडवायला गेलो तर बोटं गाठीवरून घसरत होती. भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांकडे वळलो, तर पहिलीच गंजलेली पायरी मोडून हातात आली. पाल्यानं सडता सडता तळच्या हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकला होता, हे तेव्हा लक्षात आलं.

पायाखालच्या पाण्यात ऑक्सिजन होता. समोरच्या काळ्या दगडात जवळजवळ निम्मा तोच. हातातल्या गंजातही तोच. चारी बाजूंनी ऑक्सिजन, पण सगळा कशात ना कशात अडकलेला. तसाच मी. वर आभाळ भाकरीएवढं दिसत होतं.

"दादा, हवा न्हाई इथं!" माझा आवाज मलाच परका वाटला.

दादा लगेच उतरायला लागला. वहिनीनं त्याचा सदरा मागून धरला.

"तुम्ही नका उतरू! दोघंबी जाताल!"

"अगं, तो मरून राह्यला!"

"पाणी सोडा," मी कसंबसं ओरडलो, "वरून पाणी सोडा!"

वहिनीनं बोअरचा पाइप ओढत आणला, तोंडावर अंगठा दाबून फवारा सोडला. "भावजी, तोंड वर करा! झोपू नका!" पाण्याबरोबर थोडी गार हवा खाली आली. ती मी अधाशासारखी घेत राहिलो. तेवढ्यात दादानं कासऱ्याला फास करून खाली टाकला.

"काखेतून घाल. जल्दी!"

हात वर जाईनात. दोनदा फास सुटला. तिसऱ्यांदा बसला. दोघांनी काठावरच्या बाभळीला कासऱ्याचा वेढा देऊन मला इंच-इंच वर घेतलं. कडेच्या दगडांनी पाठ सोलवटली, पण ते संध्याकाळी कळलं.

काठावर पडून मी नुसता श्वास घेत होतो. वहिनी रडत रडत मला शिव्या देत होती. दादानं माझा हात बराच वेळ सोडला नाही. आठवडाभरात त्यानं मुरूम टाकून ती विहीर बुजवली.

मला वाटलं, विषय संपला. पण अजूनही दार लावून झोपता येत नाही. थंडीतही ते उघडं लागतं. बायको दोन गोधड्या घेऊन निमूट झोपते. वर्गात 'निसर्गातील ऑक्सिजनची रूपे' आली, की वायू, ओझोन, पाणी, खनिजं हे सगळं मी बराबर शिकवतो. फक्त मला फळ्यापाशी उभं राहवत नाही. दारात उभा राहून शिकवतो.