कुंकवासारखं लाल बटण

माझ्या धाकट्या जावेच्या कुरडयांना मी नावं ठेवत नाही. ठेवणार तरी कशी? आम्ही दोघी एकाच सासूच्या हाताखाली गव्हाचा चीक शिजवायला शिकलो. म्हणून तर जास्त जळायचे मी. चव तीच, गच्चीला गच्ची लागून, आणि पार्सलं मात्र तिच्याच दारातून निघायची. तिच्या जावयानं तिला मोबाईलवर ॲप करून दिलं होतं ना!

मग मीही पोराच्या मागे लागले. तो नागापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत कॉम्प्युटरवर असतो. म्हटलं, "मला पण कर. पण तिच्यासारखं नको हं."

"आई, बटणं सगळीकडे असतात तशीच ठेवू. लोकांच्या अंगठ्याला सवय झालेली असते."

"सवय राहू दे तिच्याकडं. माझं मागवायचं बटण लाल हवं, कुंकवासारखं. शुभ काम आहे ते. रद्द करायचं कर हिरवं."

बिचाऱ्यानं केलं. माल टाकायच्या पिशवीच्या चित्राऐवजी पाखडायचं सूपसुद्धा काढलं. काय देखणं दिसायचं! ऑर्डरी तेवढ्या येईनात. शेवटी माझ्या जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला.

"मावशी, लाल दाबायचा धीर होत न्हाई. हिरवं दाबलं की सगळं पुसून जातं. यंदा तुमच्या जाऊबाईंकडून मागवलं, रागवू नका."

"छे, रागवायचं काय त्यात!" म्हटलं, आणि फोन ठेवून पोळपाट आपटला.

तिच्यात असं आहे तरी काय, म्हणून दुपारी तिचं ॲप उघडलं. पुढं काय येतं बघावं म्हणून नाव-पत्ताही टाकला. अंगठा आपोआप खाली, पिशवीवर, तिथून हिरव्यावर. बघते तर ऑर्डर गेलीसुद्धा!

संध्याकाळी जाऊ पुडा घेऊन दारात. "अहो आक्का, गच्चीवरून हाक मारायची की! का माझ्या जावयाची परीक्षा घेत होता?"

"मीठ जास्त पडतंय म्हणतात तुझ्यात. तळून बघते."

"कोण म्हणतं?"

"लोक."

खो-खो हसली मेली. चहा पाजावा लागला. ती जिना उतरते न उतरते तोच पोराला फोन लावला, "मागवायचं हिरवं कर. सूप काढून टाक, पिशवी घाल."

"मग काकूसारखंच होईल की गं ते."

"होऊ दे. बटणं तिच्यासारखी असू देत. फोटो मात्र रविवारी येऊन नवा काढ, आणि माझी कुरडई तिच्याहून पांढरी दिसली पाहिजे."