वारा नंतर पडला

फोन आला तेव्हा मी गाडीत होतो, स्वारगेटच्या चौकात सिग्नल सुटायची वाट बघत. शिरोळकर वहिनींचा आवाज नेहमीसारखाच होता. "हे गेले. सकाळी, झोपेतच. तुम्ही या, पण घाईघाईने गाडी चालवत येऊ नका." एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली तेव्हा सिग्नल सुटल्याचं कळलं. वहिनींच्या सांगण्याप्रमाणे मी सावकाश गेलो. बिबवेवाडीच्या त्यांच्या सोसायटीत पोचलो तर जिन्याखाली चपलांचा ढीग होता आणि तळमजल्यावरचे काका कुणाला तरी सांगत होते, "विमान चालवायचे, पण स्कूटर कधी आडवी लावली नाही हो त्यांनी." पुण्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

कॅप्टन वसंत शिरोळकर मूळचे खडकीचे. वडील दारूगोळा कारखान्यात टर्नर, घर कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. मुलगा हवाई दलात गेला, मालवाहू विमानं चालवू लागला, आणि खासगी विमान कंपन्यांना परवानगी मिळाली तेव्हा नोकरी सोडून त्यांतल्या एका कंपनीत आला. त्याच सुमारास मीही तिथे लागलो. आमच्या घराण्यात तोवर कुणी विमानात बसलंही नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "राहतोस कुठे?" मी बिबवेवाडीचा पत्ता सांगितला. "म्हणजे उशीर झाला तर ट्रॅफिकचं कारण सांगता येणार नाही. मीही तिथूनच येतो." पुढची काही वर्षं मी त्यांच्या शेजारच्या, उजव्या हाताच्या, सहवैमानिकाच्या खुर्चीत बसत होतो.

त्यांच्याकडून मी मुख्यतः वारा शिकलो. विमान समोरच्या वाऱ्यात उतरवणं सोपं असतं. आडवा वारा त्याला धावपट्टीवरून बाजूला ढकलत राहतो. पुस्तकात त्याच्या आकृत्या होत्या, पण सरांनी मला ते नदीवरून सांगितलं. "पाणी चढलेलं असताना पलीकडच्या घाटाकडे तोंड करून पोहलास तर कुठे निघशील?" "खाली, वाहत." "मग तोंड कुठे ठेवायचं?" "वरच्या अंगाला." "झालं. नाक वाऱ्याकडे ठेवायचं आणि तिरकं तिरकं यायचं. फक्त टेकायच्या क्षणी सरळ करायचं. आधी केलंस तर वाहून जाशील, नंतर केलंस तर टायर आडवे घासतील." आणि वाऱ्यात विमान अलगद टेकवायचं नाही, जरा दणक्यानेच टेकवायचं, म्हणजे चाकं जमीन धरतात. प्रवाशांना तो दणका आवडत नसे. बाहेर पडताना कुणी नाक मुरडलं तर सर म्हणत, "लिहून तक्रार करा. तक्रार करायला जिवंत आहात, हे महत्त्वाचं." धाडस हा शब्द त्यांना मुळीच खपत नसे. नव्या पोरांपैकी कुणी तो वापरला की ते म्हणत, "ते सर्कशीत."

ती मे महिन्यातली दुपार होती. बंगळुरूहून पुण्याला यायचं होतं. त्या काळात ही विमानं कंपन्यांच्या मुलांनी भरलेली असत. प्रत्येकाच्या खांद्याला लॅपटॉपची काळी बॅग आणि गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. प्रवासी चढत असताना सर कुणाशी तरी फोनवर बोलून आले, खुर्चीत बसले, पट्टे आवळले आणि म्हणाले, "ताईचा फोन होता. बाबांचं काही खरं नाही. माझं नाव घेतायत म्हणे." मी म्हटलं, "सर, दुसरा कॅप्टन…" "विचारलं. इथे कुणी मोकळं नाही, उद्या मिळेल. मी ठीक आहे असं मला वाटतं. पण ते मला वाटतंय, म्हणून तुला सांगून ठेवतोय. मी नेहमी करत नाही असं काही आज करायला लागलो तर तोंडावर सांगायचं. सर-बिर मनात आणायचं नाही." मग त्यांनी नेहमीच्या तपासण्या सुरू केल्या. वाटेत त्यांनी वडिलांचा विषय काढला नाही.

पुण्याजवळ आलो तेव्हा दक्षिणेकडे वळवाचे ढग चढलेले होते आणि धावपट्टीवर आडवा वारा होता. जोराचा, पण मर्यादेच्या आतला. सर तिरकं विमान घेऊन खाली आले. धावपट्टी समोर स्पष्ट दिसत होती, अगदी पलीकडच्या गवतातली धूळसुद्धा. तेवढ्यात वेगाचा काटा एकदम वर गेला आणि लगेच कोसळला. याला आम्ही विंडशिअर म्हणतो. समोरून येणारा वारा क्षणात फिरतो, पंखांखालचा आधार निघून जातो आणि विमान खाली बसायला लागतं. जमीन जवळ असेल तर सावरायला जागा उरत नाही. धोक्याची सूचना वाजायच्या आत सरांनी इंजिनांना पूर्ण जोर दिला होता. विमान काही क्षण तसंच खाली जात राहिलं… आणि मग उचललं. मागून किंचाळल्याचा आवाज आला. सरांनी माइक घेऊन शांतपणे सांगितलं की वारा अनुकूल नाही, आपण पुन्हा प्रयत्न करतो आहोत. दुसऱ्या वेळी धक्का तेवढा नव्हता, पण वेग पुन्हा डळमळला आणि आम्ही पुन्हा वर आलो.

टॉवरने सांगितलं, वारा जरासा कमी झालाय. इंधन आणखी एका प्रयत्नाला कसंबसं पुरलं असतं. त्यानंतर मुंबईला जाण्याइतकं उरलं नसतं. खाली डावीकडे खडकी दिसत होती. रेल्वेचे रूळ, कारखान्याची झाडी, बैठी घरं. मी म्हटलं, "सर, आता कमी झालाय. अजून एकदा बघू या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "माझे वडील आजारी नसते तर तू हे सुचवलं असतंस?"

मी इंधनाच्या काट्याकडे पाहिलं. "नाही."

"मुंबईला कळव."

मुंबईत उतरलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती: आमच्यानंतर आलेलं विमान पुण्यात व्यवस्थित उतरलं होतं. प्रवाशांनाही ते फोनवरून कळलं. सर रिवाजाप्रमाणे दारात उभे राहिले. एका आजोबांनी हात जोडून विचारलं, "तिकीट पुण्याचं होतं. मुंबईदर्शन आपल्यातर्फे का?" सर म्हणाले, "हो, बसची सोय केली आहे." मागून एक तरुण मुलगा आला, चांगलाच चिडलेला. "अंकल, दुसरी फ्लाइट लँड झाली. मग तुम्हालाच का नाही जमलं?" मी काहीतरी बोलणार होतो. सरांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि त्या मुलाला म्हणाले, "नाही जमलं." शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत ते तिथेच उभे होते. त्यानंतर त्यांनी खिशातून मोबाइल काढून सुरू केला, ताईला लावला, पलीकडचं बोलणं ऐकलं, "बरं" म्हणाले आणि टोपी काढून पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर बसले. साफसफाईची माणसं आत आली, त्यांना बघून पुन्हा उठले.

कंपनीच्या गाडीने आम्ही दोघं पुण्याला निघालो. वडील नेमके केव्हा गेले हे त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी मनात हिशोब करत होतो. तिसऱ्या वेळी उतरलो असतो, लोहगावहून थेट खडकी गाठली असती, तर भेट झाली असती. घाट चढून वर आल्यावर मला राहवलं नाही. "सर, आपण उतरलो असतो."

"असतो," ते म्हणाले. खिडकीची काच थोडी खाली केली. मग म्हणाले, "पण वारा नंतर पडला."

या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. निवृत्तीनंतर त्यांनी कित्येक नव्या मुलांना सिम्युलेटरवर शिकवलं, पण ही हकीकत त्यांना एकदाही सांगितली नाही. मी एकदा म्हटलं, सांगायला हवी. ते म्हणाले, "त्यात शिकवण्यासारखं काय आहे? दोनदा जमलं नाही, दुसरीकडे गेलो. पुस्तकात आहे ते." त्यांना काय वाटलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि ते सांगणाऱ्यांतले नव्हते. मी विचारणाऱ्यांतला नव्हतो.

गेल्या रविवारी खडकीला नलूताईंकडे गेलो. सरांच्या या थोरल्या बहिणीला मी स्मशानात लांबून पाहिलं होतं, तेवढंच. बाजाराच्या मागे एका बैठ्या चाळीत त्यांचं घर आहे; कारखान्यातून निवृत्त झाल्यावर वडील लेकीकडेच राहायला आले होते. आतल्या खोलीत खिडकीखाली लोखंडी खाट, वर धुतलेली चादर, आणि खाटेच्या उशाशी वेताची खुर्ची.

"बाबा इथेच गेले," नलूताई म्हणाल्या. "शेवटी शेवटी वर विमानाचा आवाज आला की डोळे उघडायचे. मी वसंताशी पाच-सहा महिने धड बोलले नाही. विमानं उतरत होती हो त्या दिवशी, मी ऐकली होती."

त्यांनी चादरीवरची सुरकुती हाताने सरळ केली.

"मग एका रविवारी आला. तिथे खुर्चीत बसला. तासभर पेपर वाचला आणि गेला. पुढच्या रविवारी पुन्हा. मला आधी राग यायचा, आता कशाला येऊन बसतो म्हणून. नंतर सवय झाली. गावात असला की रविवार चुकवला नाही त्याने, अगदी जायच्या आधीच्या रविवारपर्यंत. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही." त्या उठल्या. "बसा तुम्ही, चहा टाकते."

खोलीत बसायला दुसरं काही नव्हतं. मी वेताच्या खुर्चीत बसलो. नलूताईंनी चहा आणला, माझ्या हातात कप दिला आणि स्वतः खाटेच्या कडेवर बसल्या. मला चहात दोन चमचे साखर लागते. या चहात साखर नव्हती. सर बिनसाखरेचा घेत. नलूताईंना बहुधा कळलंही नसावं. वरून एक विमान लोहगावच्या दिशेने उतरत गेलं. मी कप रिकामा केला.

"अजून घ्याल थोडा?" त्यांनी विचारलं.

मी कप पुढे केला.