गच्चीवरची कोरडी जागा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. जळगावात मी बारावीला फिजिक्स शिकवायचो. प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला नारळ फोडताना खूप पाहिले, पण नारळामुळे मीटरची सुई हललेली कधी पाहिली नाही. तेव्हा पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा...

ऐंशीच्या दशकाचा शेवट. आम्ही भाड्याने राहायचो ते घर एका शेठजींचं - कापडाचे व्यापारी, जैन. खाली ते, वर आम्ही, गच्ची सगळ्यांची. जिन्यात त्यांनी सरकारी थाटात, ऑइलपेंटने नियम रंगवून घेतले होते. पहिलाच: 'कुत्रे-मांजर पाळण्यास सक्त मनाई.' कारण विचारलं तर म्हणाले, "सर, मांजर उंदीर मारणार. घर माझं. मग पाप कोणाच्या खात्यावर?" वाद घालायला जागाच नव्हती.

आई गेल्यापासून माझे वडील, आबा, साक्रीला एकटे राहत. मोतीबिंदू वाढला होता. चुलीवर हात भाजून घेतला तेव्हा मी त्यांना जळगावला आणलं. त्यांची मांजर, भुरी, मात्र साक्रीतच, शेजारच्या काशिनाथकडे ठेवावी लागली. आबा दिवसभर रिकामी मांडी घालून बसायचे. "भुरीशिवाय माले करमत नही. माले साक्रीले धाडी दे," एवढंच म्हणायचे. धाडलं असतं तर पुढच्या वेळी हातावर भागलं नसतं.

मे महिना. आमच्याकडे संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात. तापलेला स्लॅब निवल्याशिवाय अंथरुणं टाकता येत नाहीत. मी बादली ओतली. गरम सिमेंटचा तो वास, वर फिकट जांभळं आभाळ... आणि आबांच्या खाटेजवळ भाकरीएवढी गोल जागा कोरडीच राहिली. पुन्हा ओतलं. पाणी त्या जागेपर्यंत आलं, थबकलं आणि वळसा घालून पुढे गेलं.

आबांनी खाटेवरून हात खाली सोडला. जमिनीच्या वर, हवेतच बोटं फिरवत म्हणाले, "उनी का माय?" - आलीस का, म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी ती जागा सोड्याने घासली. तेलाचा डाग असणार, दुसरं काय! मग खाट दुसऱ्या कोपऱ्यात नेली. संध्याकाळी कोरडी जागाही त्या कोपऱ्यात. आबांनी साक्रीचं नाव काढणं बंद केलं.

पण ते भुरीशी मोठ्याने बोलत. शेठजी वर आले.

"सर, मांजर आणलं? नियम वाचला ना? खोली खाली करावी लागेल."

"भुरीले काढशात तं मी बी जास," आबा म्हणाले.

मी बादली शेठजींच्या हाती दिली. त्यांनी धोतर सावरून पाणी ओतलं. पाण्याने वळसा घातला. शेठजींनी बादली खाली ठेवली. मग न्यायाधीशाच्या आवाजात विचारलं, "खातं काही?"

"नाही."

"मारतं?"

"नाही."

"मग पाळलं कुठे? राहू द्या." आणि त्या जागेला वळसा घालून ते खाली उतरले.

पावसाळ्याच्या तोंडावर काशिनाथ आला. भुरी मेली असणार, अशी माझी मनात तयारी होती. तो म्हणाला, "चांगली शे! पन दिन बुडना का अशी झोपी जास, हालाडं तरी उठत नही. आनि उठस तवय मिशा वल्या! घरमा पानीना थेंब नही, भाऊ."

आबा नुसते हसले.

ते पुढे आमच्याकडेच राहिले, आमच्याकडेच गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात गच्ची सगळीकडे सारखी ओली होऊ लागली. शेठजी मात्र खाटेच्या त्या कोपऱ्याला वळसा घालूनच चालायचे. एकदा मी म्हणालो, "शेठजी, आता तिथे काही नाही."

"सर," ते म्हणाले, "तेव्हा तरी काय होतं?"